मावशीचं बोलणं दिसलं तेव्हा

माझा जुना फोन डोलवीच्या कंपनीत लोखंडी जिन्यावरून खाली पडला आणि त्याने मान टाकली. मला फार वाईट वाटलं नाही. माझ्या लेखी फोन म्हणजे घड्याळ, टॉर्च आणि साहेबाची बोलणी ऐकायचं यंत्र. नवा घ्यायला पेणच्या बाजारात गेलो तेव्हा दुकानदाराला एकच अट सांगितली, सगळ्यात स्वस्त असेल तो दाखव. त्याने काउंटरखालून एक खोका काढला आणि म्हणाला, "काका, याचा कॅमेरा विचारू नका, स्पीड विचारू नका. फक्त स्क्रीन बघा."

स्क्रीन बघून मला आधी हसूच आलं. हा कानाला लावला की माणसाचं अर्धं तोंड झाकणार. कंपनीच्या शर्टाच्या खिशात तो मावेना, जरा वाकलं की बाहेर उडी मारायला बघे. पाठ प्लास्टिकची, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि काही दाबलं की आधी विचार करायचा, मग काम. घरी बायकोने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "फोन आणलात की पाट?" मी म्हटलं, पाटच आणलाय, यावरच बसून जेवतो आता.

जेवण झाल्यावर मात्र मी गुपचूप त्याच्याकडे बघत बसलो. येताना वाटेत एका कारखान्याच्या दारातून ओळीने ठेवलेल्या मूर्तींचा फोटो काढला होता, उगाच, काढून बघायचा म्हणून. पेणमध्ये जन्म काढलेल्या माणसाला त्या मूर्तींचं अप्रूप ते काय. पण दोन बोटांनी तो फोटो ताणला आणि तिसऱ्या ओळीतल्या एका गणपतीच्या सोंडेवर कारागिराच्या अंगठ्याचा ठसा दिसला. पुसायचा राहून गेलेला. मी त्या दारासमोरून रोज दोनदा जातो, पन्नास वर्षांत मला असा ठसा कधी दिसला नव्हता. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मी तो ठसा आईला दाखवला. तिने फोन दोन्ही हातांनी धरला, नाकाजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "सगला दिसतंय रे यात."

आता आईबद्दल सांगायला हवं. आईला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही, पन्नाशीनंतर हळूहळू गेलं. कानाचं मशीन आणलं होतं, ते तिने आठवड्यात कपाटात टाकलं. त्यातून माणूस कमी आणि भुंगा जास्त ऐकू येतो असं तिचं म्हणणं. ती समोरच्याचे ओठ बघते आणि त्यावरून बोलणं ओळखते. ओळखीचं तोंड असेल तर शब्दन् शब्द. मोठ्या मिशांच्या माणसांशी ती बोलतच नाही, आणि त्यांना ती गर्विष्ठ वाटते.

तिला एकच बहीण, रोह्याकडच्या गावात. भाऊ नाही, म्हणून आजोबांनी मावशीला घरजावई केला आणि घर, शेती तिच्याकडे राहिली. म्हणजे मावशीचं घर हेच आईचं माहेर. आमच्याकडे लग्न झालेली मुलगी माहेरी बिनबोलावता जात नाही. म्हातारी झाली तरी नाही. तिकडून बोलावणं यावं लागतं, त्याला मूळ म्हणतात. कोणी न्यायला आलं तर उत्तम, नाहीतर निदान निरोप तरी हवा. आई या बाबतीत भलतीच मानी. वडील होते तोवर निरोप आला की ते तिला गाडीने घेऊन जायचे, आठ दिवसांनी आणायचे. वडील गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. त्याच्याबरोबर फोनचंही आलं.

फोन असा चालायचा. मावशी दर रविवारी करायची. मी स्पीकर लावून आईच्या समोर बसायचो. आई बोलली की मावशीला तिकडे ऐकू जायचं. मावशी बोलली की मी ऐकायचो आणि ओठ हलवून आईला सांगायचो. आणि मी किती सांगायचो? मावशीचं बोलणं म्हणजे गावच्या ओढ्याचं पाणी, थांबायचं नाव नाही. मी त्यातलं चमचाभर आईला द्यायचो. "बरी आहे म्हणते. वाल चांगले आलेत म्हणते. थंडी आहे म्हणते." आई मान डोलवायची.

आणि प्रत्येक फोनमध्ये, अगदी न चुकता, मावशी म्हणायची, "तायला सांग, चार दिस ये म्हनावं."

हे मी सांगायचो नाही.

पहिल्यांदा सांगितलं नाही तेव्हा माझी आठवडाभर रात्रपाळी होती. पेण ते रोहा जेमतेम तासाचा रस्ता, पण आईला एकटीला सोडता येत नाही, मागून गाडीचा हॉर्न वाजला तर तिला कळणार नाही. म्हणजे सोडायला जा, आणायला जा, दोन सुट्ट्या. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी निघालं. असं करत करत न सांगायची सवयच लागली. मावशी म्हणायची, ये म्हणावं. मी आईला ओठांनी सांगायचो, थंडी आहे म्हणते. आई मोठ्याने म्हणायची, "बरं बरं." ते "बरं बरं" मावशी तिकडे स्वतःच्या कानांनी ऐकायची आणि वाट बघायची. चार वर्षं. मधे मावशीचा नवरा गेला तेव्हा बाराव्याला आम्ही गेलो आणि संध्याकाळी परत आलो, तेवढंच; माणसांच्या गर्दीत दोघी बहिणींचं धड बोलणंही झालं नाही. आईने एकदा विचारलं होतं, "बोलवत नाय का रे ती?" मी म्हणालो होतो, तिच्या मागे म्हशींचं फार असतं. मानी बाई, पुन्हा विचारलं नाही.

तर हे पाप माझ्या पदरी होतं आणि मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

नवा फोन आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी जेवत होतो आणि फोन आईकडे होता, ती फोटो ताणून ताणून बघत होती. तेवढ्यात तिच्या हातात तो थरथरला. मावशीच्या सुनेने नुकताच कॅमेऱ्याचा फोन घेतला होता आणि तिने व्हिडिओ कॉल लावला होता. मी उठेपर्यंत आईने हिरव्यावर बोट ओढलं होतं. पडदाभर मावशी आली.

खरंच पडदाभर. कपाळावरच्या तिन्ही आठ्या, गोंदण, हनुवटीवरचा तीळ आणि त्या तिळातला एक पांढरा केस. आईने श्वास रोखला. मीही घास हातात धरून तसाच उभा राहिलो. मागे एकदा जुन्या फोनवर कोणाचा तरी असा कॉल आला होता, तेव्हा तोंड सुपारीएवढं दिसलं होतं आणि आई म्हणाली होती, ही कोण? आता मात्र तिच्या बहिणीचं तोंड तिच्या हातात होतं, जवळजवळ खऱ्याएवढं.

मावशी हलेना. लुगडं बदललेलं, केसांना तेल, कवळी घातलेली, तोंड गच्च मिटलेलं. आपला फोटो काढतायत असं तिला वाटलं होतं, आणि आमच्याकडे फोटोत कोणी हलत नाही. सून मागून म्हणाली, "आत्या, बोला, फोटो नाय तो." मग मावशी एकदम ओरडलीच, कारण बहिरीशी ओरडून बोलायचं असतं. आई शांतपणे म्हणाली, "वरडू नको गो. वरडलीस का तुजा तोंड वाकडा होतो, माजे ध्यानात येत नाय. हलू बोल." मावशी हळू बोलली. मग लाजून हसली आणि पदर तोंडावर घेतला. "पदर काड," आई म्हणाली, "बोलना दिसत नाय तुजा."

आणि मग दिसायला लागलं.

मी आयुष्यात कंपनीतली मोठमोठी यंत्रं पाहिली आहेत, लालभडक लोखंड पाण्यासारखं ओतताना पाहिलं आहे. त्या संध्याकाळी जे पाहिलं तसं काही पाहिलं नाही. आई वाचत होती. तिचे स्वतःचे ओठ बहिणीच्या ओठांबरोबर किंचित हलत होते. म्हैस विकली ते तिला कळलं, कोणाला विकली ते कळलं, शेजारच्या लग्नात भात कमी पडला तेही कळलं. ती मधेच अडवून विचारत होती, "कोनाची, पाटलाची?" आणि मावशी खुलून सांगत होती. त्या स्वस्त फोनची एक खोड होती, चित्र आधी यायचं आणि आवाज मागून, पापणी लवेल एवढ्या फरकाने. त्यामुळे आई आधी हसायची आणि मग मला विनोद ऐकू यायचा. माझ्या बहिऱ्या आईला माझ्याआधी ऐकू येत होतं. मी थक्क झालो होतो. घास ताटात ठेवला, हात वाळला, तरी मी तिथेच. मला रडू येत होतं आणि का ते नीट कळत नव्हतं.

अर्ध्या तासात मावशी जेवढं बोलली तेवढं मी चार वर्षांत आईला सांगितलं नसेल.

मग मावशी थोडी थांबली. पदराने डोळे पुसले. आता काय येणार ते मला कळलं, मी पुढे झालो, काहीतरी म्हणणार होतो, रेंज गेली, चार्जिंग संपलं, काहीही. पण मावशीचे ओठ हलले आणि आईचा चेहरा बदलला. त्यानंतर मला ऐकू आलं, "दर येली सांगतंय गो, ये चार दिस. तू बरं बरं बोलतेस नी येत नायस. मला वाटला, माज्यावर रागावलीस."

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं बघितलं, ओठ वाचताना बघते तसं, नीट, शेवटपर्यंत. मी ओठ हलवले नाहीत. तरी तिने जे वाचायचं ते वाचलं.

मग ती पुन्हा फोनकडे वळली आणि बहिणीला म्हणाली, "गुडगं धरलं व्हतं गो माजं. म्हनून नाय जमला. आता बरं हायत."

"मंग आदी सांगायचास ना," मावशी म्हणाली.

"व्हय, चुकलाच माजा," आई म्हणाली. "उद्या येतंय."

आईचे गुडघे ठणठणीत आहेत. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि ती दिवसातून दोनदा तीन जिने चढते, माझ्या आधी वर पोचते. हे मावशीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

कॉल संपला. आईने फोन काळजीपूर्वक टेबलावर पालथा ठेवला, खाटेखालची पिशवी ओढली आणि लुगड्यांच्या घड्या घालू लागली. मी मागून म्हणालो, आई, चुकलं माझं. दोनदा म्हणालो. मग लक्षात आलं की मी तिच्या पाठीशी बोलतोय. मी पुढे गेलो आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिची मान खाली होती आणि हात लुगड्यावरून फिरत होते, एक घडी झाली की दुसरी. तिने वर बघितल्याशिवाय मला काही म्हणता येणार नव्हतं. मी तसाच बसून राहिलो.