पांदणीत जाम झालेला चिमटा

माझं पोस्टिंग तेव्हा उत्तरेत, मिलिटरी हॉस्पिटलात. हुद्दा कॅप्टन, काम नर्सिंगचं. रजेवर अचलपूरला आले, सीमेवर लढाई पेटली अन् तार आली: रजा रद्द, तात्काळ हजर व्हा. आमच्याच गल्लीतला युसूफ, फौजेत नाईक, गाड्या दुरुस्त करणाऱ्या ई.एम.ई.चा मेकॅनिक. त्यालाही तशीच तार. संध्याकाळची रेल्वेगाडी बडनेऱ्याहून. ती चुकली की पुढची दुसऱ्या दिवशी. अन् लढाईच्या वेळी उशिरा पोचणाऱ्याचं कारण फौजेत ऐकून घेत नाहीत.

कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ता अडवलेला, एस.टी. बंद. त्या वर्षांत हे नेहमीचंच. त्यांचं तरी काय चुकत होतं म्हणा!

युसूफनं अब्बांची जुनी इंग्लिश मोटरसायकल काढली; एरवी ती त्याचा भाऊ सांभाळायचा. मागं मी, मांडीवर बॅग. रस्त्यावर बैलगाड्या आडव्या, म्हणून शेतांमधल्या अरुंद पांदणीनं शिरलो. दोन्हीकडे डोक्याएवढी तूर. अर्ध्या वाटेत मागून किंचाळल्यासारखा आवाज आला अन् गाडी लाकडासारखी कडक झाली.

"चिमटा जाम," युसूफ म्हणाला. मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं, तो चिमटा. एका आडव्या पिनेवर तो वरखाली हलतो, म्हणून धक्के जिरतात. "चेन ताणली, मॅडम. अजून दोन खड्डे, का तुटली."

"तुह्या भावानं ग्रीस नाही मारलं काहून?"

"दर जुम्म्याले मारते! निपल पाहा ना कसा चमकते."

त्यानं निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोटी, काढला. आत जुनं ग्रीस वाळून खडू झालेलं. नवं बाहेरच्या बाहेर सांडत होतं, पीन कोरडीच. बाटलीत जाड तेल होतं, पण ते दाबानं आत सोडायला ग्रीसगन घरी. पुढं जाता येईना, वळायला जागा नाही. तुरीतून वारासुद्धा येत नव्हता. हाकेला माणूस नाही. लढाईला निघालेले आम्ही दोघं, पांदणीत कैद.

मी बॅगेतून काचेची मोठी सिरिंज काढली.

"मॅडम, याले इंजेक्शन देता का आता?"

"तू पेशंट धर. बोलू नोको."

त्यानं गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक उचललं. वजन पिनेवर असलं की तेल खालच्या बाजूला पोचत नाही. तारेनं निपलखालचं भोक मोकळं केलं. मी सिरिंजनं आधी पेट्रोल सोडलं, मग तेल. तो चाक वरखाली हलवत होता.

"दाबा."

"दाबलं."

"थांबा. हं, पुन्हा."

काळा चिखल आला, मग गंज, मग स्वच्छ तेल. चिमटा एकदम सुटला.

"बसा मॅडम, लढाई वाट पाहून राहिली."

बडनेऱ्याला गाडी मिळाली. पठाणकोटला आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढच्या चौकीवर बंद पडलेला ट्रक दुरुस्त करताना युसूफजवळ तोफेचा गोळा पडला. माझ्या हॉस्पिटलपर्यंत त्याला जिवंत आणताच आलं नाही.

पुढच्या रजेत त्याच्या अम्मीकडे गेले, पांदणीतली हकीकत सांगितली. तिनं चहा दिला. मग म्हणाली, "बाई, त्या दिवशी तो चिमटा सुटलाच नसता तं?"

"खाला, तो पायी निघाला असता."

"हो," ती म्हणाली. "आयकत कुठी होता तो."