झाडाखालचा गणपती

बोरिवलीत आमचं घर तळमजल्यावर आहे आणि खिडकीखाली मी लावलेली लाल जास्वंद. पण सकाळी उठून बघावं तर झाडावर एक फूल दिसेल तर शपथ. मॉर्निंग वॉकवाले गणपतीला म्हणून पिशव्या भरून न्यायचे. काही जण तर आदल्या संध्याकाळीच कळ्या खुडायचे. पाण्यात ठेवल्या की सकाळी देवघरात फुलतात म्हणे. माझं डोकं फिरायचं. पाटी लावली, ती कोणी वाचली नाही. शेवटी, जिन्यात कोणी थुंकू नये म्हणून लावतात तशी गणपतीची टाइल मी झाडाच्या बुंध्याशी बसवली.

चोरी लगेच थांबली. हळूहळू लोक तिथे चपला काढून फुलं वाहू लागले.

परवा पूजेसाठी मी माझ्याच झाडाचं एक फूल तोडलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मागून कडाडल्या, "देवाच्या झाडाला हात लावतेस? लाज नाही वाटत?"

मी काही बोलणार, तोवर त्यांना माझी दया आली. आपल्या पिशवीतली जास्वंद माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "ही घे. शेजारच्या बिल्डिंगमधली आहे."