पोटावरची वाटी

हात न लावता सांगा बरं, आत्ता तुमच्या कमरेची कुठली बाजू जास्त आखडली आहे? नाही सांगता येत ना? मग शिरूर अनंतपाळजवळच्या केवळाबाईला हसू नका. चाळिशी उलटेपर्यंत तिला कंबर, पोट, ओटी हे सगळं एकच होतं. दुखणारं. नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढायची. ऐन विशीत पोट दुखतं म्हणून डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढून टाकली. पिशवी गेली, दुखणं तिथंच राहिलं.

अठरा सालचा तो दुष्काळ. गावात टँकर, आणि पारावर एकच चर्चा, उदगीर नवा जिल्हा होणार, मोठा सरकारी दवाखाना येणार. बाया म्हणायच्या, ‘तवर पोटाला दम धर म्हनावं.’

त्या दिवसांत लातूरहून शिवलीला मॅडम दर रविवारी यायच्या. फिजिओथेरपिस्ट. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून ऊसतोडीच्या बायांना पिलाटेस शिकवायच्या. निजून करायचा व्यायाम, हळूहळू, अंगाकडं ध्यान देऊन. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, श्वास पाठीत भरा.

‘बाई, श्वास नाकानं घेतेत,’ केवळाबाई म्हणाली. ‘पाठीत नुसती कळ भरती.’

हॉल हसला. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, ‘ओटीपोटावर पाण्यानं भरलेली वाटी आहे असं समजा. न सांडता एक पाय उचला.’

‘भरलेली? आधी पिऊन घेऊ का?’ कोपऱ्यातून शेजारची सरजाबाई.

पण केवळाबाईला ती वाटी पटली. टँकरच्या झुंबडीतून घागर न हिंदकळता घरी आणणारी बाई ती, पाणी सांडायचं नाही एवढं तिच्या हाडाला ठाऊक. मॅडमचं बाकीचं बोलणं डोक्यावरून जायचं, वाटी मात्र पोटावर बसली. एका रविवारी डोळे मिटूनच म्हणाली, ‘मॅडम, डावीकडं सांडायलंय.’

मॅडमनी कमरेखाली हात घातला. डावी बाजू खरंच वाकलेली होती, मोळ्यांनी वाकवलेली. तिथून पुढं केवळाबाईला कळायला लागलं, ही कळ कमरेची, ही पोटाची, हा जुन्या टाक्यांचा ताण.

दसऱ्याच्या सुमारास मुकादम साहेबराव दारात आला. केवळाबाईची सून पंचफुला, दोन लेकरांची आई, चोविशीची, पोट धरून बसली होती.

‘औंदा कर्नाटकात जायचंय, लांब,’ साहेबराव म्हणाला. ‘पोरीचं पिशवीचं उरकून घ्या. मधी खाडा नको.’

बैलाच्या खुरांना पत्री ठोकून घ्या म्हणावं, तसं.

तो गेल्यावर केवळाबाईनं सुनेला गोधडीवर निजवलं. ‘पंचे, पोटावर वाटी हाय समज. उचल पाय.’ पाय उचलला तशी पंचफुला कळवळली. हात गेला तो मागं, कमरेच्या खाली. गुडघे छातीशी घेतल्यावर कळ उतरली. असं दोनदा केलं, दोन्ही वेळेला तसंच.

‘पोरी, हे पिशवीचं न्हाई. कमरेचं हाय. माझंबी हेच व्हतं.’

शेवटचं बोलली आणि केवळाबाईचा हात आपल्याच जुन्या टाक्यांवर गेला.

तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात डॉक्टरनं मशीनकडं बघितलं. ‘पिशवीला सूज आहे. उद्या कॅन्सर झाला तर?’

केवळाबाईच्या लेकाचं तोंड त्या शब्दानंच उतरलं.

‘डॉक्टरसायब, तिला एकदा आडवं करून पाय उचलायला लावा,’ केवळाबाई म्हणाली.

‘मावशी, तुम्ही बाहेर बसा.’

ती बसली नाही. पण लेकानं ऑपरेशनच्या कागदावर सही करायला पेन हातात घेतलं होतं. आता उरली पंचफुला. केवळाबाईनं तिच्याकडं बघितलं.

‘आत्या, कमरेचं असू द्या न्हाईतर पोटाचं,’ खाली बघत पंचफुला म्हणाली. ‘पाळीत उसाच्या फडामधी कापड बदलायला आडोसा हाय का? धुवायला पानी हाय? माझी मोळी तुमी उचलनार का? जाऊ द्या एकदाची.’

यावर कुठल्याच रविवारी काही शिकवलं नव्हतं.

टाके वाळले न वाळले तोच पंचफुला फडावर गेली. लेकरं सांभाळायला केवळाबाई गावातच राहिली. संक्रांतीला फोन आला.

‘आत्या, दुखतंय.’

‘कुठं?’

‘तिथंच. तुमी पाय उचलायला लावला व्हता तवा दुखलं, तिथंच.’

त्यानंतरच्या रविवारी केवळाबाई सतरंजीवर नुसती पडून राहिली. मॅडम म्हणाल्या, ‘पाय उचला ना.’

‘मॅडम, आधी नुसतं दुखायचं,’ ती म्हणाली. ‘आता कळतंयबी.’ आणि उठून गेली. परत आली नाही.

जिल्हा झाला नाही. दवाखाना आला नाही. मुकादम दर दसऱ्याला येतो.

तुमच्या कपड्याला इस्त्री आहे, तुम्हाला कुणी बाहेर बसा म्हणणार नाही. म्हणून एवढं करा. तुमच्या गल्लीतून एखादी पोर पोट धरून दवाखान्यात निघाली, की तिच्यासोबत जा. कागदावर सही व्हायच्या आधी डॉक्टरसमोर तिला आडवं करायला लावा, आणि विचारा, बाई, नेमकं कुठं दुखतं?