थरथरे साहेब आणि 'तळ्यापलीकडचे'

भीतीची जागा आली की थरथरे साहेब आवाज चढवत नसत, खाली आणत. नागपूरच्या सदर भागातल्या कॉफीच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी, खिडकीतून ऊन येत असताना आणि खाली ऑटोवाले भांडत असताना ते वाचायला लागले की आम्ही सगळे नकळत टेबलावर वाकायचो. मग ते आणखी हळू वाचत. एकदा ऐन मोक्याला वेटरने मागून येऊन "और कुछ, साब?" विचारलं आणि आमच्यातल्या एका धडधाकट बँक मॅनेजरच्या हातून कप निसटला. त्या दिवशी साहेबांचं बारसं झालं. खरं आडनाव टेलिफोन खात्याच्या पेन्शनपुरतं उरलं. आम्हाला ते कायमचे थरथरे साहेब.

आम्ही म्हणजे खापरीकरांचे वाचक. गूढकथा लिहून कधीच वारलेला हा लेखक हयातीत फारसा कुणाला माहीत नव्हता. नंतर मात्र त्याच्या दोन पातळ संग्रहांवर जीव टाकणारे लोक गावोगाव निघाले. नागपुरातले आम्ही आठ-दहा जण. त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचायच्या, दार आधी वाजलं की कुत्रा आधी रडला यावर तासभर वाद घालायचा, आणि म्हाताऱ्याने आणखी दहा वर्षं काढली असती तर काय काय लिहिलं असतं म्हणून हळहळायचं, हा आमचा रविवार. बाहेरच्यांना हे पोरकट वाटे. आम्हाला आठवडा त्यावर निघे.

"भूत दिसलं की गोष्ट बसली," हे थरथरे साहेबांचं नेहमीचं वाक्य. नवा कुणी आला आणि त्याने हल्लीच्या भुतांच्या सिनेमाचं कौतुक केलं, की ते हसून म्हणत, "अरे गा, त्यानं तोंड दाखवलं ना! मग काहून भ्यायचं? तोंड तर माह्या साहेबाचंही वाईट होतं. खापरीकर दाखवत नाही. 'ते' म्हणते फक्त. ते आले. ते उभे होते. बस."

त्यांच्या घरात मात्र या नादाला थारा नव्हता. आजोबांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात देव आणि भूत दोघांनाही बंदी. शाळेत असताना साहेब वसतिगृहातून गूढकथांचं पुस्तक घेऊन आले तेव्हा वडील भडकले. "इतकं शिकवून राहिलो अन् तू भुताखेतांचं वाचतं?" यावर आपण दिलेलं उत्तर साहेब आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगत: "बाबा, भूत नसते हे मले माहीत आहे, म्हणून तर मजा येते. ज्याले खरं वाटते तो कायले वाचते? तो पळते."

खापरीकरांची सगळ्यात गाजलेली कथा 'तळ्यापलीकडचे'. तळ्याकाठी एका कारकुनाचं घर, अमावस्येला पलीकडून पाणी तुडवत येणारे 'ते', आणि सकाळी ओसरीवर ओल्या पावलांचे ठसे. गोष्टीत तळ्याचं नाव नाही, पण साहेबांच्या मते ते सक्करदऱ्याचंच. नव्या वाचकाला ते हटकून तिथे नेत. मलाही नेलं होतं. काठावर उभं करून म्हणाले, "हे पाह्य, नीलू. कारकुनाचं घर या बाजूले असंन. अन् पलीकडं, ते झाडं दिसून राहिले ना, तिथं माह्या आज्याची वस्ती होती. आमच्यावर तर कोणी एक ओळ लिहिली नाही. यानं निदान आमचं तळं लिहिलं." असं म्हणताना घरात पाहुणा आल्यासारखा त्यांचा चेहरा खुले.

आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक होते. मराठीचे. खापरीकरांवर त्यांनी लेख लिहिले होते आणि साहेबांशी त्यांची बरीच वर्षांची दोस्ती होती. दोघं कचाकचा भांडायचे आणि मग एकाच स्कूटरवर घरी जायचे. प्राध्यापक म्हणत, "मी खापरीकर शिकवला, पण ऐकवला तो यांनी." ते खरं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

खापरीकरांच्या नातेवाइकांच्या घरी जुनी हस्तलिखितं सापडली आणि एका प्रकाशकाने त्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं, ही बातमी आली तेव्हा आमच्या टेबलावर लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. दोन नव्या कथा, आणि 'तळ्यापलीकडचे'चा मूळ खर्डा, त्या वेळच्या संपादकाने कात्री लावण्याआधीचा. प्रस्तावना आमच्याच प्राध्यापकांची. पुस्तक हातात आलं तसं आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर मुखपृष्ठाचे फोटो, पहिल्या ओळी, अंदाज यांचा पूर आला. साहेबांनी मात्र पुस्तकाचं वेष्टनही काढलं नाही. "मी एकटा नाही वाचणार. खर्डा रविवारी सगळ्याइच्या समोर उघडीन. तुम्ही जसे पहिल्यांदा ऐकसान, तसाच मीही पहिल्यांदा वाचीन."

त्या रविवारी वरचा मजला भरला होता. साहेबांनी वेष्टन फाडलं, पुस्तकाचा वास घेतला, सगळे हसले. मग त्यांनी सुरुवात केली. सुरुवात आम्हाला पाठ असलेलीच होती, इकडेतिकडे एखादा शब्द वेगळा. तसा एखादा शब्द आला की ते मान वर करून डोळे मिचकावत. कारकून ओसरीवर बसला, वारा पडला, पाणी हललं. साहेबांचा आवाज खाली आला. आम्ही वाकलो.

छापील कथेत तिथे वाक्य आहे, 'ते आले.' खर्ड्यात 'ते' नव्हतं. जातीचं नाव होतं. आणि पुढे, संपादकाने काढून टाकलेलं अख्खं पान: पलीकडच्या वस्तीतली माणसं कशी दिसतात, त्यांनी हात लावला तिथून पाणी कसं काळं पडत जातं, ते पाणी प्यालेलं कारकुनाचं पोर आतून कसं सडतं. भूतबीत काही नव्हतंच. तळ्यावर पाणी प्यायला आलेली माणसं होती.

ते नाव आलं तिथे साहेब क्षणभर अडखळले. मला वाटलं थांबतील. ते थांबले नाहीत. सगळं पान त्यांनी त्याच हलक्या आवाजात, एकही शब्द न गाळता वाचलं. मग पुस्तक उघडंच टेबलावर ठेवलं आणि प्राध्यापकांकडे पाहिलं.

"सर, तुम्ही प्रस्तावना लिहिली. म्हणजे तुम्ही हे वाचलं होतं."

"हो. वाचलं होतं."

"मले सांगितलं नाही."

"तुम्ही इतके मुरलेले वाचक," प्राध्यापक म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही हे बाजूला ठेवून बघाल. ती त्या काळाची दृष्टी होती. लेखक वेगळा आणि लिखाण वेगळं."

"तुम्हाले ठेवता येते बाजूले. तुम्ही अलीकडं राहता." साहेबांचा आवाज अजूनही वर गेला नव्हता. "ते पाणी माहा आजा पीत होता, सर. जिंदगीभर मी ज्याले भेत आलो, अन् तुम्हाले भेववत आलो, तो माहा आजा होता काय?"

मग आमच्या ग्रुपचं काम पाहणारा सौरभ, मुळात चांगला मुलगा, समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण काका, छापताना ते काढलंच होतं ना? आपली कथा तर तीच राहिली." दुसऱ्या कुणी म्हणालं की आज एवढं जमलोय तर दुसरी नवी कथा तरी होऊन जाऊ द्या. मी म्हणाले, आधी साहेबांचं बोलणं पूर्ण होऊ द्या. पण त्यांना आणखी बोलायचं नव्हतं. त्यांनी चष्मा डबीत ठेवला, पुस्तक तिथेच सोडलं आणि जिना उतरून गेले. प्राध्यापक जागचे उठले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी ते पुस्तक उचललं आणि दुसरी कथा स्वतः वाचली. बरी वाचली.

पुढचे काही आठवडे ग्रुपवर खर्ड्याचीच चर्चा होती. कागद कोणत्या काळातला, शाई कोणती, खापरीकरांचा हात तेव्हा किती तयार झाला होता. कुणीतरी लिहिलं, 'छापील कथेपेक्षा मूळ रूप जास्त थेट आणि भेदक.' त्याखाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली. त्याच दुपारी साहेब ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ दिसली. तिच्याखाली लगेच कुणीतरी मुखपृष्ठाच्या रंगाबद्दल विचारलं होतं.

मी प्रताप नगरला त्यांच्या घरी गेले. ते अंगणात जुना रेडिओ उघडून बसले होते. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी वैशाली कोर्टात वकिली करते, तिच्या कुटुंबासोबत ते राहत. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, "साहेब, सोडून द्या. कुणा एकाचं डोकं कुजकं होतं, त्याचा त्रास तुम्ही का करून घेता?"

"तो कुजका होता हे नाही दुखत वं," ते म्हणाले. "तसे लय पाहिले. नोकरीत पाहिले, शेजारात पाहिले. पण ते पान चांगलं लिहिलं आहे. सगळ्या कथेत तेच सगळ्यात चांगलं. मी वाचून राहिलो होतो अन् माह्याच अंगावर काटा आला. मले माह्याच माणसाइची भीती वाटली, नीलू. त्यानं वाटवली. अन् मी वाचलं बी कसं? मन लावून वाचलं."

वैशालीने चहा आणला. तिने सांगितलं की नात रोज गोष्ट मागते आणि बाबा म्हणतात, आता मला येत नाही. "वाघाची सांगा म्हटलं तरी नाही म्हणतात." साहेब रेडिओतली तार पिरगाळत राहिले.

प्राध्यापकांनी त्यांना एकदाही फोन केला नाही. मला भेटले की विचारत, "कसे आहेत आपले थरथरे? राग गेला का?" जणू साहेब जेवणावरून रुसले होते. मी एकदा म्हटलं, राग नाही, सर, तुम्हीच एकदा जाऊन या. ते म्हणाले, "मी जाऊन काय बोलू? मी काही चुकीचं छापलेलं नाही. जे होतं ते दिलं." त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेचं तेव्हा बरंच कौतुक चाललं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. ग्रुपवर सौरभने त्यांचा हॉटेलातला हसरा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'खापरीकरांचा सर्वांत मोठा चाहता हरपला.' मी त्याला फोन करून ती ओळ काढायला सांगितली. तो खरोखर गोंधळला. "पण ताई, ते होतेच ना?" ओळ तशीच राहिली. मी ग्रुप सोडला.

तरी शोकसभेला गेले, कारण वैशालीने सोबत यायला सांगितलं. तिला वडिलांच्या मित्रांना पाहायचं होतं. तोच वरचा मजला, टेबलं भिंतीला सरकवलेली, मधोमध हार घातलेला फोटो. प्राध्यापकांनी साहेबांच्या आवाजाबद्दल भरभरून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग ते म्हणाले, "त्यांना श्रद्धांजली म्हणून त्यांचं सगळ्यात आवडतं, 'तळ्यापलीकडचे', थोडंसं वाचतो." त्यांनी जुना संग्रह उघडला, ज्यात फक्त 'ते' आहे.

वैशाली पहिल्या ओळीत बसली होती. बसूनच, कोर्टात बोलावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "सर, माफ करा. नव्या पुस्तकातलं वाचा ना. पूर्ण वाचा. बाबांनी शेवटचं तेच वाचलं होतं."

प्राध्यापकांनी चष्मा वर केला. "बेटा, आजचा दिवस त्यासाठी नाही."

"मग तुम्ही कोणता दिवस ठरवला आहे?"

खिडकीजवळ कुणीतरी खाकरलं. सौरभ मोबाइलकडे पाहू लागला. प्राध्यापकांनी खाली पाहून कारकुनाच्या ओसरीपासून वाचायला सुरुवात केली.

वैशाली उठली. तिने फोटोवरचा हार काढला, नीट गोळा करून टेबलावर ठेवला, फोटो काखेत घेतला आणि जिन्याकडे निघाली. मी तिच्यामागे गेले. खाली स्कूटर सुरू करताना तिने फोटो माझ्याकडे दिला. "धरून बसा मावशी, काच आहे." मी मागे बसले. हॉटेलासमोरच्याच सिग्नलला गर्दी होती, वरून वाचनाचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. सिग्नल सुटला आणि आम्ही साहेबांना घेऊन घराकडे वळलो.