जे सांगेल तेच लिही

बहिणीच्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळाली, ती मी तिला वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून तिची घरची बोली सुटत गेली.

ती जन्मापासून आंधळी होती. मोताळ्याच्या एका कॉलेजनं तिला बी.ए.ला प्रवेश दिला, नाही म्हटलं नाही. पण वर्गात सर फळ्याकडे बोट करून 'हे असं' म्हणत, आणि ग्रंथालयात तिला हातानं वाचता येईल किंवा ऐकता येईल असं एकही पुस्तक नव्हतं. म्हणून पुस्तकं मी वाचायचो. मी एम.ए. झालेला, लहानपणापासून पुस्तकात तोंड खुपसून बसणारा. संध्याकाळी आई डाळ निवडत बसे आणि मी समाजशास्त्र वाचत असे. वाचत असे हे खरं नाही. पानावरचं वाक्य मनात वाचायचो आणि आमच्या वऱ्हाडीत सांगायचो. तिला ते लगेच समजे. ती वाद घाली, हसे. आईही मध्येच आपलं म्हणणं टाके. मला वाटायचं, मी तिचं काम सोपं करतो आहे.

तिची उत्तरं लिहायला लेखनिक असे. आधीच्या मुली तिचं बोलणं आपसूक पुस्तकी करून लिहीत, हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. शेवटच्या वर्षी समाजशास्त्राच्या पेपराला अकरावीतली एक भित्री पोर आली. पर्यवेक्षकांनी तिला बजावलं होतं, ती जे सांगेल तेच लिही, पदरचं अक्षर टाकू नको. तिनं तसंच केलं. त्या पेपरात बहीण नापास झाली, म्हणून आम्ही उत्तरपत्रिकेची प्रत मागवली.

मी वाचत गेलो. 'बाई घरी राबते त्याले कोनी काम म्हनत नाही, कारन त्याचा पगार भेटत नाही.' अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ होती. समासात शेरा होता: भाषा अशुद्ध, मुद्दे अस्पष्ट.

ती आधी हसली. "पोरगी तं टेपच निघाली." मग म्हणाली, "दादा, पन उत्तर तं बरोबर हाय ना?"

"हो."

"मंग नापास काऊन?"

मी सांगितलं की चूक माझी आहे, मी पुस्तक जसं होतं तसं तिला कधी दिलंच नाही. तिनं ते ऐकून घेतलं. "आता जसं लिहेल हाय तसंच वाच," म्हणाली.

प्राचार्य चांगलं बोलले. हिवाळ्यात पुन्हा पेपर देता येईल, तोवर तिला प्रमाण भाषेत बोलायची सवय लावा, असं त्यांनी सुचवलं. मी सवय लावली. मी वाक्य वाचायचो, ती ते म्हणायची. पुढे ती घरातही तसंच बोलू लागली. 'मले' म्हणून जायची, अडखळायची, मागे येऊन 'मला' म्हणायची. शेजारची काकू दारातून चिडवायची, "काय वं, पुन्याची झाली का?" तिनं वाद घालणं सोडलं. चूक होईल असं वाटलं की वाक्य अर्ध्यावर टाकून द्यायची. आईशी तिचं बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. हे मला दिसत होतं. पेपर झाला की ती पूर्वीसारखी होईल, असं मी धरून चाललो आणि वाचत राहिलो.

पेपर तीन आठवड्यांवर असताना तिला ताप आला. बुलडाण्याला दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी तिला शुद्ध कमी होती. ती सावकाश म्हणाली, "मला पाणी हवे आहे." आई पेला घेऊन तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "थे कोनाशी बोलून राह्यली?"

पाचव्या दिवशी ती गेली.

आता घरात आई आणि मी आहोत. मोठ्यानं कोणी काही वाचत नाही. समाजशास्त्राच्या त्या पेपरात ती अजून नापास आहे.