गाळलेलं प्रकरण

हॉस्पिटलात तिला तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणायचे आणि पाठ वळली की 'काबाई'. कारण कुठलंही वाक्य ऐकलं की तिचं पहिलं उत्तर ठरलेलं : "का?" या रोग्याला आज उपाशी ठेवलंय. का? नातेवाइकांना बाहेर काढलंय. का? हे नाव कधी ना कधी तिच्या कानावर जाणारच होतं, आणि गेलंही. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "नाव बरं आहे. पण ठेवलं कुणी, आणि का?"

खरं तर ती वकील होती. वडील कोर्टात टंकलेखक. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं बोटांनी बडवल्यावर त्यांची एकच इच्छा उरली होती, की आपल्या मुलीने काळा कोट घालून उभं राहावं आणि तिचं बोलणं आपण टाइप करावं. ती इच्छा पुरी झाली. पोरगी एका नामांकित वकीलसाहेबांच्या हाताखाली लागली. वकीलसाहेबांचं मोठं अशील म्हणजे एक हॉस्पिटल, आणि तिच्या वाट्याला आलेला पहिलाच मोठा खटला त्या हॉस्पिटलचा.

खटला भरला होता फुटबॉलच्या एका निवृत्त पंचांनी. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाची जखम चिघळली होती आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. परवानगीची सही केली मुलाने, बाहेरच्या व्हरांड्यात. हे पंचकाका मात्र आत खाटेवर चांगले शुद्धीवर होते, शेजाऱ्याशी गप्पा मारत होते. त्यांना पत्ताच नव्हता. कोर्टात हॉस्पिटलची बाजू भक्कम ठरली. जीव वाचला होता, सही होती, कागदपत्रं चोख होती. निकाल लागला, वकीलसाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

चहा पिऊन ती बाहेर आली तर काका कुबड्या सावरत दारातून जायची खटपट करत होते. तिने दार धरलं.

"अभिनंदन हं, वकीलबाई," काका म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

"काका, पाय काढला नसता तर तुम्ही वाचला नसता."

"ते कळतं हो मला. मी काय दुधखुळा आहे? मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, घ्या. पण विचारलंच नाही कुणी. त्यामुळे झालंय काय, की पाय मी दिला असं वाटत नाही. नेला असं वाटतं." मग ते हसले. "अहो, खेळाडूला मैदानाबाहेर काढताना आम्हीसुद्धा आधी कार्ड दाखवायचो!"

काका गेले. ती दार धरून तशीच उभी. मग आत जाऊन तिने वकीलसाहेबांना विचारलं, "साहेब, माणूस शुद्धीवर असताना त्याला सोडून मुलाला का विचारलं?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोर्टात 'का' विचारायचं नसतं, बेटा. 'कुठल्या कलमाखाली' ते विचारायचं."

त्याच महिन्यात तिने कोट खुंटीला टांगला आणि हॉस्पिटलात बसून प्रबंध लिहायचा म्हणून विद्यापीठात समाजशास्त्राच्या विभागात नाव घातलं. घरात रण माजलं. वडील म्हणाले, "कोर्ट सोडून हॉस्पिटलात बसणार? का, बरं नाहीये का तुला?" आई भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बसू दे हो तिला. नाहीतरी घरी कुठे बसते ती!"

विभागात तिला मार्गदर्शक मिळाल्या त्या मोठ्या बाई. बाई अंगाने लहानखुऱ्या, मोठा होता तो आवाज. त्यांनी विषय ऐकला : शस्त्रक्रियेआधी डॉक्टर रोग्याशी काय बोलतात, रोग्याला त्यातलं काय कळतं आणि कायद्याला काय कळल्यासारखं वाटतं. बाई म्हणाल्या, "छान. आता वर्षभर तोंड बंद ठेवून बघायचं. जमेल?"

"का नाही जमणार?" तिने विचारलं.

"हे बघ, सुरुवातच झाली," बाई म्हणाल्या.

तर अशी ती एका हॉस्पिटलच्या शस्त्रक्रिया विभागात कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. पहिल्याच सकाळी मोठे सर्जन फेरीला आले. भरभक्कम माणूस, मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "ही कोण?"

"समाजशास्त्राच्या आहेत, सर," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे काय करतात?"

"बसतात, सर."

सर्जन बिचारे वाईट नव्हते. हात सोन्याचे, पण जीभ घाईत. पोट उघडायचं असलं की ते उभ्या उभ्या सांगत, "उद्या एक छोटंसं काम करून टाकू, हं." रोगी मान डोलवायचा. सर्जन पुढच्या खाटेशी पोचले की तोच रोगी शेजाऱ्याला विचारायचा, "काय म्हणाले हो?" बाकीचे डॉक्टरही याच वळणाचे. नन्नाचा पाढा म्हणायची रोग्यांची हिंमत नव्हती, आणि होकाराला काही अर्थ नव्हता.

अपवाद एकच, भूल देणारे डॉक्टर. सगळे त्यांना 'भूलवाले' म्हणत. सडपातळ, केस नेहमी विस्कटलेले, आणि सवय अशी की संध्याकाळी येऊन रोग्याच्या पलंगाच्या कडेला चक्क बसायचं. "उद्या मी तुम्हाला झोपवणार. कापाकापी सर्जन करतील. मग तुम्हाला उठवायचं काम पुन्हा माझं. झोपवणं सोपं असतं हो, आमची सगळी अक्कल उठवण्यात जाते. आता विचारा काय विचारायचं ते." मग रोगी विचारत. घसा दुखेल का, मध्येच जाग आली तर, झोपेत मी काही बरळलो तर? यावर ते म्हणत, "बरळा खुशाल. आमच्या तोंडाला मास्क असतोच, कानातही बोळे घालू."

काबाईला सोन्याची खाण सापडली. कसं बोलावं याचा हा चालताबोलता नमुना! तिच्या टिपणांत भूलवाल्यांची पानं भराभर वाढली. संध्याकाळी सहज म्हणून ती थांबू लागली. मग त्यांच्यासाठी म्हणून थांबू लागली. सिस्टरच्या ते आधी ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, भूल आम्ही रोज पाहतो. पण तुम्हाला सुई न टोचताच चढलेली दिसतेय."

पुढची पायरी भूलवाल्यांनीच चढली. कँटीनच्या मागच्या बाकावर, कॉफीचे दोन कप मध्ये ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "एक प्रस्ताव आहे. आधी धोके सांगतो. मी घोरतो. पहाटे उठून जातो. माझी आई पहिले काही महिने तुमच्याशी सरळ बोलणार नाही, ती कुणाशीच बोलत नाही. फायदे फारसे आठवत नाहीत. पर्याय म्हणजे लग्न न करणं, तोही चांगला आहे. विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या. काही प्रश्न?"

काबाईला प्रश्न होते. कॉफी गार झाली, दुसरी आली, तीही गार झाली. शेवटी तिने विचारलं, "आणि मी मध्येच 'नाही' म्हणाले तर?"

"लग्नाच्या दिवसापर्यंत केव्हाही म्हणा."

"त्यानंतर?"

"त्यानंतरचा कायदा तुमच्या विषयात येतो."

ती 'हो' म्हणाली. मनापासून, सगळं समजून-उमजून. आणि घरी जाताना रस्त्यात एकदम थबकली. तिचा प्रबंध!

ज्या माणसाच्या वागण्याचं ती निःपक्षपातीपणे निरीक्षण करत होती, त्याच्याशी ती लग्न करणार होती. त्याला 'उत्तम' म्हणणारं एक अख्खं प्रकरण तिच्या हातात तयार होतं. ते तसंच छापलं तर विद्वान मंडळी म्हणणार, नवऱ्याची आरती ओवाळली आहे. आणि म्हणाले नाहीत, तरी तिला स्वतःला ते कळणारच होतं. ती मोठ्या बाईंकडे गेली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणूस चांगला आहे?"

"आहे."

"प्रकरण चांगलं आहे?"

"सगळ्यात चांगलं तेच आहे."

"मग दोन्हीपैकी एकच मिळेल. नीतिशास्त्राचा पहिला धडा समज."

तिने प्रकरण गाळलं. दोन वर्षांची मेहनत होती ती. ती पानं बाजूला काढताना तिला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही, कारण भूलवाले शेजारी बसून कुरकुरत होते, "म्हणजे मी होकार मिळवला आणि प्रबंधातून गेलो? हा धोका मला कुणी सांगितला नव्हता."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. पांढरी दाढी, बारीक नजर. त्यांनी प्रबंध उलटसुलट चाळला. "लिहिलंय झकास. पण मला एक सांगा. सगळेच डॉक्टर घाईने, उभ्या उभ्या बोलणारे? एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात बसून बोलणारा एकही भेटला नाही?"

मोठ्या बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"एक भेटला, सर," काबाई म्हणाली.

"मग तो कुठाय?"

"बाहेर बाकावर बसलाय."

"प्रबंधात का नाही?"

तिने श्वास घेतला. "मी त्याच्याशी लग्न करतेय, सर."

मग परीक्षक असे हसले की दाढी थरथरली. त्यांनी भूलवाल्यांना आत बोलावलं, हात मिळवला, आणि मग पुन्हा गंभीर झाले. "प्रकरण गाळलंत ते योग्यच. पण खरं अर्धंच सांगितलंत, तेही बरोबर नाही. पदवी थांबवतो. दुसरा कुणी बसून बोलणारा शोधा आणि या."

पदवी लांबली. लग्न लांबलं नाही, त्याला परीक्षकांची संमती लागत नव्हती. नव्या नवरीने सगळं हॉस्पिटल धुंडाळलं, पण बसून बोलणारा दुसरा डॉक्टर काही मिळेना. शेवटी तिने सरळ सिंहाच्या गुहेतच पाऊल टाकलं. "सर," ती मोठ्या सर्जनांना म्हणाली, "महिनाभर फेरीला स्टुलावर बसून बोलाल का?"

"का?" यावेळी 'का' सर्जनांचा होता.

"मला बघायचंय, काही फरक पडतो का."

सर्जन फटकारणार होते. पण त्यांचे गुडघे अलीकडे बोलू लागले होते, हे तिला सिस्टरकडून कळलं होतं. "ठीक आहे," ते गुरगुरले. "विज्ञानासाठी."

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. गळ्यातली गाठ काढायची होती. सर्जन स्टुलावर बसले, तशा बाई बोलायला लागल्या. आवाजाला धक्का बसेल का, किती जणांच्या बसतो, थांबलं तर चालेल का? सर्जनांनी खरं ते सांगितलं. गाठ साधी आहे, थोडं थांबलं तर चालेल, आवाजाला धोका कमी आहे, पण आहे. बाई म्हणाल्या, "मग आत्ता नको. माझ्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम होऊ दे."

सर्जन तरातरा काबाईपाशी आले. "ती नाही म्हणाली! मला!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? ऐकलं!" ते ओरडले. आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "असं होतं होय."

कार्यक्रम झाला. गाणाऱ्या बाई आपण होऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता करा." शस्त्रक्रिया नीट पार पडली, आवाज शाबूत राहिला. त्या दिवशी सर्जन काबाईच्या कोपऱ्यात येऊन उगाच घुटमळले. "एवढे रोगी माझ्या हाताखालून गेले. पण स्वतः चालत येऊन 'करा' म्हणणारी ही पहिलीच. शस्त्रक्रिया करताना हात हलका वाटला. लिहा पाहिजे तर."

तिने लिहिलं. पदवी मिळाली.

त्यानंतरची तिची नोकरी म्हणजे आई जेवू घालीना नि बाप भीक मागू देईना. वैद्यकीय महाविद्यालय म्हणायचं, या कायद्याच्या. कायद्याचं म्हणायचं, या हॉस्पिटलच्या. दोन्हीकडे शिकवायचं, खोली कुठेच नाही. अखेर दोन इमारतींच्या मधल्या जिन्याखाली तिला एक जागा मिळाली. तिथे उभं राहिलं की डोकं आपटायचं, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आपोआप बसायचा. भावी डॉक्टर आणि भावी वकील तिथे एकमेकांच्या उरावर बसून भांडायचे. त्यातल्या एका जोडप्याने पुढे लग्न केलं. काबाईने दोघांनाही आधी विचारलं, "प्रबंध पुरे झालेत ना?"

पुढे सरकारी समितीत तिला बोलावणं आलं. रोगी शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारावं, मग नातेवाइकांना, असा नियम करायचा होता. समितीने मसुद्यात 'शक्यतो' हा शब्द घातला. काबाईने तो काढला. पुढच्या बैठकीत तो परत आला. कितीतरी बैठका तो शब्द असा आत-बाहेर करत राहिला. अध्यक्ष कंटाळून म्हणाले, "मॅडम, एका शब्दावरून किती ताणाल?"

"साहेब, सगळा नियम त्या एका शब्दातून गळून जातोय. भोक बुजवल्याशिवाय बादली भरायची कशी?"

अध्यक्ष हसले आणि 'शक्यतो'वर काट मारली. नियमाची पक्की प्रत तिच्या निवृत्त वडिलांनी हट्टाने स्वतः टाइप केली. जुन्या यंत्रावर, दार लावून. अधूनमधून आतून टकटक थांबायची आणि नाक शिंकरल्याचा आवाज यायचा. आई बाहेरून म्हणायची, "सर्दी झालीय त्यांना," आणि स्वतःचे डोळे पुसायची.

आता काबाई साठीच्या पुढची. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांची डॉक्टर तिचीच जुनी विद्यार्थिनी. ती बिचारी आदल्या रात्री जागून उत्तरं पाठ करून आली होती. काबाईने सगळं शांतपणे ऐकलं, फक्त तीन शंका काढल्या आणि म्हणाली, "कर गं. तू सांगितलंस ते मला कळलं." डॉक्टरीण बाहेर येऊन भूलवाल्यांना म्हणाली, "सर, मॅडमना बरं आहे ना?"

पट्टी निघाली त्या दिवशी काबाईने घरभर फिरून पाहिलं. भिंतीचा रंग इतका पिवळा होता? पंख्यावर एवढी धूळ? आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर या इतक्या सुरकुत्या केव्हा आल्या?

"आवडलो नाही वाटतं," भूलवाले म्हणाले.

"थांब जरा," ती म्हणाली आणि त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवून निरखत राहिली. "घाई काय आहे? नीट बघू तर दे."