नोंदवहीतला चौथा रकाना

बार्बालिना तांते आमच्या संशोधन केंद्रासाठी जो मासा आणायची तो कधी वरून दिसत नसे. विकायचे मासे पाटीत वरच्या बाजूला आणि आमचा तळाशी, केळीच्या पानाखाली. डोक्यावरची पाटी ती पायरीवर उतरवायची, मान इकडेतिकडे वळवून मोकळी करायची आणि म्हणायची, "नोना, आज एक अनोळखी पाहुणा आहे बघ."

ती हातिवे केचिल गावची जिबु-जिबु होती. पहाटे होड्यांवरून मासे उचलून डोक्यावरच्या पाटीतून मार्डिका बाजारात आणि दारोदार विकणाऱ्या बायकांना इंडोनेशियातल्या आमच्या अंबोन बेटावर जिबु-जिबु म्हणतात. उंच, हाडापेराने दणकट बाई. लिहायला-वाचायला येत नव्हते. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी समुद्रात गेला तो परत आला नाही, मूलबाळ नव्हते. मी तिला तांते म्हणे, मावशीला म्हणावे तसे, आणि ती मला नोना, म्हणजे पोरी.

मी केई बेटांवरची, कॅथलिक सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. सिस्टरांनी मला तीन गोष्टी दिल्या. सुवाच्य अक्षर, रोज संध्याकाळी डायरी लिहायची सवय, आणि कोणताही रकाना कोरा न सोडण्याची शिस्त. या तिन्हींमुळे १९७२ साली आतल्या उपसागराच्या काठावरच्या मत्स्यसंशोधन केंद्रात मला नोकरी लागली. बरणीत जाणाऱ्या प्रत्येक माशाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, आणि चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा नोंदवहीत उतरवायचा, हे माझे काम. रकाने चार होते. क्रमांक, तारीख, ठिकाण, आणि चौथा, मासा मिळवणाऱ्याचे नाव.

तांतेने आणलेला पहिला मासा मी नोंदवला तेव्हा चौथ्या रकान्यात तिचेच नाव लिहिले होते. आमचे प्रमुख पाक तुपान, म्हणजे तुपानसाहेब, यांनी ते पाहिले आणि शांतपणे म्हणाले की बाजारातली बाई म्हणजे संशोधनासाठी मासे गोळा करणारी व्यक्ती नव्हे, या वह्या परदेशी पंडित वाचतात, यापुढे मासा ताब्यात घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव लिहीत जा. ताब्यात मी घेत होते. त्या दिवसापासून मी तिच्या माशांपुढे माझे नाव लिहू लागले. मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

तांतेचे माशांचे ज्ञान आमच्या पुस्तकांसारखे नव्हते, पण पुष्कळदा ती आणि पुस्तके एकाच जागी पोहोचत. आम्ही पाठीवरचे काटे मोजायचो. ती माशाचे तोंड उघडून आत बोट फिरवायची, कल्ल्याच्या कडेवरून नख ओढायची. एकदा दोन हुबेहूब लाल मासे तिने वेगळे ठेवले. मी म्हटले, तांते, हे भाऊ-भाऊ दिसतात. ती म्हणाली, "दिसतात म्हणून काय झालं? शेजाऱ्यांची पोरंसुद्धा एकाच आळीत खेळून एकसारखीच मळतात." काटे मोजल्यावर ते खरोखरच दोन वेगळ्या घराण्यांतले निघाले.

माशांना शास्त्रात नावे कशी मिळतात, हे मीच तिला सांगितले. पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा त्याचा स्वतःचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डच पलटणीचे डॉक्टर या बेटांवर बदलून आले की रुग्ण तपासून उरलेल्या वेळात बाजारातले मासे दारूत बुडवून ठेवायचे आणि त्यांचे बारसे करायचे. मग दुसरा शब्द म्हणून कोणा गव्हर्नरचे नाव, कोणा मित्राचे, कधी बायकोचे. तांतेने हे सगळे माशाचे खवले काढता काढता ऐकले.

"त्या डॉक्टरांना मासे कोण आणून द्यायचं?" तिने विचारले.

मी म्हटले, बाजारातल्या बायकाच देत असणार.

"मग एखाद्या जिबु-जिबुचं नाव आहे का कशाला?"

माझ्या माहितीत नव्हते. तिने मासा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूचे खवले काढले. मग म्हणाली, "माझ्या नावाचा एक कर ना, नोना. समुद्राने माझं माणूस नेलं. त्याच्या बदल्यात एक मासा काही जास्त नाही."

ती सहसा स्वतःसाठी काही मागत नसे. मी म्हटले, नवा मासा आण, मी बघते.

तिने आणला. १४ मार्च १९७४. बोटभर लांबीचा, तांबूस, शेपटीजवळ दोन तपकिरी पट्टे. अशा माशांच्या कल्ल्याची कड करवतीसारखी दातेरी असते, याची गुळगुळीत होती. तांतेच्या नखाला ते आधी कळले, आम्हाला भिंगाखाली. पाक तुपान यांनी तो हॉलंडच्या डॉक्टर आल्देर्स यांच्याकडे पाठवायचे ठरवले. आदल्या वर्षी ते आमच्याकडे दोन आठवडे राहून गेले होते आणि अशा माशांतले सर्वांत मोठे जाणकार मानले जात. मी चिठ्ठी लिहिली. चौथ्या जागी हात क्षणभर थांबला, मग सवयीप्रमाणे माझे नाव लिहून मोकळा झाला. सोबतच्या पत्रात तांतेविषयी दोन ओळी घालता आल्या असत्या. पत्रही मीच टंकलिखित केले होते.

दोन वर्षांनी छापील लेख आला. मासा नवाच होता. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून, "ज्यांच्या तीक्ष्ण नजरेने हा हेरला" त्यांच्या सन्मानार्थ त्याला नाव दिले होते. दुसरा शब्द माझ्या आडनावावरून होता, रेनयान. पाक तुपान यांनी केक मागवला. वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले, खाली केंद्राला नवा मासा सापडल्याची एवढीच ओळ. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. ते छायाचित्र मी आईला पाठवले, आणि खरे सांगायचे तर दुपारपर्यंत मला तांतेची आठवणही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी ती आली. पाटी उतरवण्याआधीच तिने विचारले, "छापलं म्हणे?"

"छापलं."

"माझं नाव आहे ना त्यात?"

मी म्हटले, आहे. का म्हटले, हे मी त्या रात्रीच्या डायरीत शोधले, तिथे कारण नाही. तिने हात सारोंगला पुसले आणि दाखव म्हणाली. मी पान उघडून तिरप्या अक्षरांतल्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवले. माझे बोट बाजूला सारून तिने तिथे आपले ठेवले. ओल्या बोटाचा डाग त्या पानावर आजही आहे.

तिने बाजारभर सांगितले. पुढची वीस वर्षे मार्डिकातल्या बायका तिला चिडवायच्या. उशिरा आली की म्हणायच्या, "आज पुस्तकातून उतरायला वेळ लागला वाटतं." एखादे गिऱ्हाईक मासा ताजा आहे का असे विचारी तेव्हा त्याच बायका मध्ये पडायच्या, "अहो, हिला काय विचारता, हिच्या नावचा मासा हॉलंडात आहे." या चिडवण्याने तांते सुखावायची, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी स्वस्थ बसले असे नाही. डॉक्टरांना सगळे खरे लिहिले. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते. नाव एकदा छापले की ते त्या माशाचे झाले, चुकीच्या माणसाचे असले तरी, आणि ज्याने दिले त्यालाही ते परत घेता येत नाही, असा नियम. मात्र त्या बाईंनी दुसरा नवा मासा आणला तर तो त्यांच्याच नावाने छापीन, हा माझा शब्द, असेही त्यांनी लिहिले.

मग मी तांतेच्या मागे लागले. वेगळा दिसेल तो आण, मला हवा आहे. कशासाठी ते सांगितले नाही. आता चौथ्या रकान्यात मी तिचे नाव लिहू लागले, पाक तुपान निवृत्त झाले होते. सहा वर्षांत आम्ही एक्केचाळीस मासे हॉलंडला पाठवले. एक्केचाळिसांनाही आधीच नावे होती. आमच्या उपसागरातल्या प्रत्येक खडकाखाली कोणीतरी पलटणीचा डॉक्टर शंभर वर्षांपूर्वी वाकून बघून गेला होता.

मी कॅथलिक, शुक्रवारी मांस न खाणारी, म्हणून तांते दर शुक्रवारी माझ्या घरी मासे टाकून जायची, ती स्वतः प्रोटेस्टंट असून. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मी माझ्या धाकट्या मुलीच्या जन्मानंतर घरी पडून होते. त्या शुक्रवारी जेवायला पापेदा आणि पिवळ्या रश्श्यातले मासे होते. सागोची ती चिकट लापशी काठीवर गुंडाळता गुंडाळता माझे लक्ष रश्श्यातल्या एका डोक्याकडे गेले. हनुवटीखाली दोन आखूड मिशा, आणि वरचा जबडा असा पुढे आलेला की तसा मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. मी सासूबाईंना विचारले, हा कुठला?

"ती तुझी बार्बालिना देऊन गेली. म्हणाली, हा वेगळा आहे, नोनाला दाखवा."

"मग?"

"मला वाटलं चवीला वेगळा. म्हणून तर तुझ्या ताटात वाढला."

मी डोके आणि मणके धुऊन घेतले, जमतील तसे काटे मोजले, चित्र काढले. कोणत्याही पुस्तकात तो बसेना. डॉक्टरांनी कळवले की फार शक्यता आहे, पण उकडलेल्या डोक्यावर नाव ठेवता येत नाही, अख्खा मासा हवा. पुढच्या शुक्रवारी तांतेने विचारले, "त्याचं काय झालं? बरणीत गेला ना?" मी म्हटले, ओळखीचाच निघाला. तसा मासा पुन्हा कोणाच्या जाळ्यात आला नाही. तीन वर्षांनी डॉक्टर वारले.

माझे पती गेले तेव्हा तांते तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात होती, तेव्हाही मी तिला खरे सांगितले नाही.

१९९६ साली तांतेला ऐंशी पूर्ण झाली. तिच्या चर्चचे पाद्री माझ्याकडे आले. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर तिचा सन्मान करायचा होता आणि माशाचे नाव सर्वांसमोर वाचून दाखवायचे होते. ते कागदावर नीट लिहून द्या, म्हणाले. मी उद्या देते म्हटले आणि त्याच दुपारी छापील लेख आणि १९७४ ची डायरी घेऊन हातिवे केचिलला गेले.

ती मागल्या दारी मासे साफ करत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, बोटांनी पाहून काम चालले होते. मी सगळे सांगितले. रकाना, डॉक्टरांचा नियम, एक्केचाळीस मासे, सासूबाईंचा रस्सा. ऐकताना तिचा सुरा थांबला नाही. संपल्यावर तिने हातातला मासा खाली ठेवला.

"मी आयुष्यात शिळा मासा ताजा म्हणून विकला नाही," ती म्हणाली. "आणि वीस वर्षं बाजारात उभं राहून खोटं बोलले. माझ्याकडून तू बोलवून घेतलंस."

मी म्हटले, तांते, ते छापले गेले, माझ्या हातात काही नाही.

"छापलेलं मला वाचता येत नाही. तुझ्या हाताने काय लिहिलंस?"

"नोंदवही."

"मग ते खोड. आणि आता जा, नोना, मला हे कापून संपवायचंय."

रविवारी पाद्री काही वाचायच्या आतच ती उभी राहिली आणि "तो मासा माझ्या नावाचा नाही," एवढेच सांगून बसली, असे मला इतरांकडून कळले. सोमवारी मी केंद्रात जाऊन जुनी नोंदवही मागितली. सिस्टरांनी शिकवले होते की चूक गिरगटून टाकू नये, एकच सरळ रेघ मारावी, म्हणजे खालची चूक वाचता येते. तशी रेघ मारली. वर लिहिले, बार्बालिना मुरियानी, हातिवे केचिल. शेजारी सही आणि तारीख. मग तिला जाऊन सांगितले.

"बरं केलंस," ती म्हणाली. आत ये म्हणाली नाही.

त्या शुक्रवारी मासे आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत. वर्षभराने ती गेली. दफनाच्या वेळी मी मागच्या रांगेत उभी होते आणि बाजारातल्या बायका माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, त्यावरून तिने माझे नाव कोणालाही सांगितले नव्हते हे मला समजले.

पुढे दंगलींच्या दिवसांत केंद्राची इमारत जळाली, आणि तिच्यासोबत नोंदवह्याही. त्यामुळे ती सरळ रेघ आता कुठेही नाही. बरणी हॉलंडमध्ये सुखरूप आहे, चिठ्ठीवर माझे अक्षर आहे. लिहिलेला पुरावा म्हणाल तर माझ्या डायरीतले ते एक पान. ते खाली उतरवते.

"१४ मार्च १९७४, गुरुवार. सकाळी पाऊस नव्हता. सिस्टर प्रिन्सिपलना पत्र टाकले. बार्बालिना तांतेने पानाखालून एक लहान तांबूस मासा काढला, दोन पट्टे, कल्ल्याची कड गुळगुळीत. तिने हेरला. मी फक्त ताब्यात घेतला. जाताना म्हणाली, हा माझा."